तिसरीचं वर्ष

आतार गुरुजींनी मला चार वर्षांत एकदाही शाब्बास म्हटलं नाही. मलाच काय, कुणालाच म्हटलं नाही. गणित बरोबर आलं, कविता न अडखळता म्हणून झाली, नकाशावर बोट नेमकं घोडनदीवर पडलं, की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरं. मग?"

या 'मग'नं आम्ही जेरीस यायचो. सात आठे छप्पन्न सांगितलं की "बरं. मग?" म्हणजे आता छप्पन्नातून सात गेले तर किती उरले ते सांगा. घोडनदी भीमेला मिळते म्हटलं की "बरं. मग?" म्हणजे भीमा पुढं कुठं जाते ते सांगा. एकदा पाटलांचा किसन वैतागून म्हणाला, "मग काय न्हाई गुरुजी. मग सपलं." गुरुजी चिडले नाहीत. "संपलं म्हणून नदीला कुणी सांगितलंय का?" एवढंच विचारलं आणि किसनला भीमेच्या मागं पार समुद्रापर्यंत पिटाळलं. तो दोन दिवसांनी पोचला.

आमचं गाव घोडनदीच्या काठचं, इनामगावच्या वरच्या अंगाला. शिरूर दहा-बारा मैलांवर. सन पन्नासच्या पुढची ही गोष्ट. गुरुजींचं घराणं शिरूरचंच. थोरले भाऊ तिथल्या बाजारात बांगड्या-कुंकवाचं दुकान मांडायचे. गुरुजी बायकोसह आमच्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की सायकलवर टांग मारून शिरूरला जायचे. निघताना बाया त्यांना वेशीपाशी गाठायच्या. "गुरुजी, हिरवी काकणं आना. माप तुमच्या भावाला ठावं हाय." "गुरुजी, सुया इसरू नका." "माझ्या माहेराला एक कार्ड टाका, गुरुजी." रविवारी संध्याकाळी परत येताना शेवटच्या दोन मैलांत रस्ता फार खराब होता, म्हणून काकणं फुटू नयेत यासाठी ते तेवढं अंतर सायकल हातात धरून चालत यायचे. लांबून एक उंच, किडकिडीत माणूस सायकलीला सांभाळून आणताना दिसला की आई म्हणायची, आली गं काकणं.

पांढरा पायजमा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा कोट, काळी टोपी. कोटाच्या उजव्या खिशात खडूचे तुकडे आणि डाव्या खिशात खारका. खारीक कधी बक्षीस म्हणून मिळायची नाही. सकाळी उपाशी आलेलं पोर त्यांना तोंडावरून कळायचं. त्याला ते काहीतरी निमित्त काढून जवळ बोलवायचे आणि गुपचूप त्याच्या मुठीत खारीक सरकवायचे. गाण्याचं मात्र त्यांना अंग नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडून नुसते ओठ हलवायचे. आवाज काढला तर पोरांचा सूर बिघडतो, असं त्यांनीच आम्हाला सांगून टाकलं होतं.

छडी त्यांनी कधी घेतली नाही. दंगा करणाऱ्याला ते दारात बसवायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या मोजायला सांगायचे. किती गाड्या गेल्या, कशात काय भरलं होतं, कुणाच्या बैलानं डोकं खाली घातलं होतं. घंटा झाली की त्या हिशोबावर सगळ्या शाळेला गणित. त्यामुळं शिक्षा झालेल्या पोराला दिवसभर भाव असायचा.

शाळा म्हणजे चावडीला लागून असलेली एक लांबट खोली आणि त्यात चार रांगा. दारापाशी पहिली, मग दुसरी, मग तिसरी आणि भिंतीकडं चौथी. चारही वर्गांना मिळून गुरुजी एकटे. ते चौथीला शिकवत असले की आम्ही पाटीवर लिहीत बसायचं. माझा हात पाटीवर असायचा आणि कान चौथीत. मोठ्यांचे पाढे, मणाशेरांची गणितं, कविता, सगळं मी ऐकूनच उचललं. त्यात माझा काही पराक्रम नव्हता. खोलीला मध्ये भिंत नव्हती, एवढंच.

मी दुसरीत असताना परीक्षा घ्यायला शिरूरहून दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला गाव दिपोटी म्हणायचं. शाळा सारवून घेतली होती, आम्हाला तेल चोपडलं होतं, पाटील आणि चार मोठी माणसं भिंतीशी बसली होती. त्यात आमचे आप्पाही होते. साहेबांनी चौथीला विचारलं, "सव्वा मण बाजरी. शेर किती?" चौथीची रांग छताकडं बघायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "पन्नास."

साहेबांनी चष्मा वर केला. "औटकी येते का गं?" साडेतिनाचा तो पाढा. मी उभी राहिले आणि औटकी शेवटपर्यंत घडाघडा म्हणून टाकली. मग त्यांनी चौथीची एक कविता विचारली, तीही म्हटली. साहेब खूष झाले. "आतार, ही मुलगी दुसरीत काय करतेय? जूनमध्ये हिला थेट चौथीत बसवा. तिसरीत वर्ष कशाला वाया घालवायचं?"

"बरं," गुरुजी म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही, हे त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आप्पांनी त्या दिवशी अख्ख्या आळीत गूळ वाटला. आमची शेती बऱ्यापैकी होती, पण घरात चौथी पास कुणी नव्हतं आणि त्यांची पोरगी एक इयत्ता उडी मारून जाणार होती. बातमी वरवंडला माझ्या आत्याकडं पोचली. आत्याच्या दत्तूला मी द्यायची, हे माझ्या पाळण्यातच ठरलेलं. चौथी झाली की शाळा बंद, मग घरात रांधायला शिकायचं आणि वयात आले की वरवंडला जायचं, असा बेत होता. आत्याचा निरोप आला, "लई ब्येस झालं. एक साल वाचलं." मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. चौथीच्या रांगेत, माझ्या मैत्रिणीच्या, शांताच्या शेजारी, भिंतीला टेकून बसायला मिळणार एवढंच मला दिसत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी आप्पा माझा हात धरून आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन शाळेत आले.

"नारळ कशाला, आप्पा?" गुरुजींनी विचारलं.

"पोरगी आज चौथीत बसतीया न्हवं."

"बसवली चौथीत. बरं. मग?"

आप्पा हसले. त्यांना वाटलं, गुरुजी थट्टा करतात. "मग काय? उन्हाळ्यात परीक्षा. चौथी पास."

"बरं. मग?"

"मग घरी. पाचवी हाय कुठं आपल्यात? आन् शिरूरला पोरीला कोन धाडतंय?"

गुरुजींनी हातातला खडू उजव्या खिशात टाकला. मग म्हणाले, "म्हणजे बघा आप्पा, पोरगी हुशार निघाली म्हणून तिची शाळा एका वर्षात संपली. ढ असती तर दोन वर्षं तरी मिळाली असती. आपला किसन तीनदा तिसरीत बसलाय. हिच्यापेक्षा त्यालाच जास्त शाळा मिळाली."

चौथीच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांचा चेहरा उतरला आणि मग तापला. "दिपोटीसायब काय खुळं हायेत व्हय? सरळ सांगा की गुरुजी, आमच्या गावच्या पोरीचं नाव झाल्यालं तुम्हास्नी बघवत न्हाई."

'आमच्या गावच्या' हे त्यांनी जरा दाबून म्हटलं. गुरुजी त्या गावात सहा वर्षं राहत होते. त्यांनी नारळ उचलून आप्पांच्या हातात परत दिला. "ठेवून द्या. पुढं लागेल." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "इंदू, तिसरीच्या रांगेत."

मी तीन दिवस पोटदुखीचं सोंग करून घरी राहिले. मनातल्या मनात गुरुजींना जी नावं ठेवली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. गावही त्यांच्यावर रुसलं. गुरुजीनं पोरीचं साल खाल्लं, असं बाया पाण्यावर बोलायच्या. दोन शनिवार वेशीपाशी त्यांना कुणी गाठलं नाही, काकणांचं माप कुणी सांगितलं नाही. ते तसेच रिकामे शिरूरला गेले आणि रविवारी रिकामे परत आले. येताना नेहमीच्या जागी सायकलीवरून उतरून मात्र चालतच आले. सवयच ती. तिसऱ्या शनिवारी कुणाचीतरी काकणं फुटली आणि गाव पुन्हा बोलायला लागलं. त्याच सुमाराला शिरूरच्या कचेरीतून त्यांना एक कागद आला. साहेबांचा हुकूम का पाळला नाही, याचा खुलासा करा. गुरुजींनी खुलासा पाठवला. काय लिहिलं ते कुणाला सांगितलं नाही.

तिसरीत मला शिकण्यासारखं काही नाही, अशा तोऱ्यात मी होते. आठवड्याभरात गुरुजींनी तो उतरवला. "इंदू, सव्वा मणाचे शेर किती?" "पन्नास." "बरं. मग? सव्वा म्हणजे काय, ते पहिलीच्या पोरांना सांग." मला पन्नास माहीत होते. सव्वा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डब्याला दोन भाकरी नेल्या, एकीचे चार तुकडे केले आणि पहिलीच्या रांगेपुढं बसले. एक आख्खी आणि हा एक तुकडा, ही सव्वा. पोरांनी सव्वा भाकरी शिकता शिकता खाऊनही टाकली. त्या वर्षी रोज दुपारचा एक तास गुरुजींनी पहिली माझ्या हवाली केली. मला ती शिक्षाच वाटायची. आज मी ज्या कामावर पोट भरते ते काम मी त्या रांगेपुढं शिकले, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्याच पावसाळ्यात गुरुजींची थोरली मुलगी जैनब बाळंतपणासाठी माहेरी आली. ती सोळा-सतरा वर्षांची असेल. शाळा सुटली की गुरुजी मला म्हणायचे, "घरी जा जरा. जैनबला कुणी बोलायला नाही." मी जायची. ती डाळ निवडत असायची, पण डाळ ज्या कागदातून आली असेल तो कागद आधी उलगडून, हातानं सपाट करून, उलटसुलट वाचायची. पानाचा कोपरा फाटलेला असला की पुढं काय असेल ते मला विचारायची. आम्ही दोघी मिळून ते रचायचो.

एकदा मी तिच्यापुढं माझं रडगाणं गायलं. तुझ्या आब्बांनी मला चौथीत बसवलं नाही, वगैरे. ती सुपावरून मान वर न करता म्हणाली, "मला बसवलं होतं की. आम्ही दौंडकडच्या गावात होतो तेव्हा. पहिलीतून तिसरीत बसवलं. आठव्या वर्षी चौथी पास झाले मी. आब्बा सगळ्या गावाला सांगत फिरले."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? शाळाच तेवढी होती. घरी बसले. तेराव्या वर्षी लग्न." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "आब्बांचं ते 'मग' आहे ना, ते तेव्हा नव्हतं. तेव्हा ते शाब्बास म्हणायचे."

मी आठ वर्षांची होते. मला ते ऐकू आलं, पण समजलं नाही. पावसाळा सरताना जैनबला मुलगी झाली आणि सव्वा महिन्यानं ती सासरी गेली.

पुढच्या जूनमध्ये मी रीतसर चौथीत गेले. शांता तोवर चौथी पास होऊन घरी बसली होती. त्या वर्षभर गुरुजी शनिवारी शिरूरला जाईनासे झाले. ते आसपासच्या वाड्यांवर सायकल घेऊन हिंडायचे. गावाला पाचवीचा वर्ग मिळावा म्हणून ते केव्हापासून अर्ज करत होते, आणि कचेरीचं एकच उत्तर होतं, पटावर वीस मुलं दाखवा. गुरुजी मुलं जमवत होते. कोण चौथीत आहे, कोण चौथी होऊन गुरांमागं लागलंय, कुणाचा बाप ऐकेल, कुणाची आई. गुरांमागची चार पोरं परत आली. पाटलांनी किसनला घातलं. तो एकदाचा चौथीतून सुटला होता. शांताच्या घरी गुरुजी तीनदा गेले. चुलीपुढं बसवलेली पोर परत आली नाही. तिची सुपारी फुटली होती.

उन्हाळ्यात मोजणी झाली तेव्हा एकोणीस भरली. पाटील आणि गुरुजी संध्याकाळी आमच्या घरी आले. मी आत दाराआड.

पाटील म्हणाले, "आप्पा, गावाला पाचवी मिळतीया. एकानं अडलंय. तुमची इंदू बसवा."

"पोरीचं वरवंडला ठरलंय, पाटील. चौथी झाली."

"गावाचं काम हाय. एका पोरीसाठी वर्ग गेला असं झालं तर लोक काय म्हनतील? आन् तुमच्या पोरीमुळं पाचवी आली म्हनलं, तर गावात तुमचंच नाव."

आप्पांना नावाची भूक होती, हे गुरुजींना गूळ वाटला त्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी स्वतः तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आप्पा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले. मग त्यांनी गुरुजींकडं बघून विचारलं, "बसवली पाचवीत. मग?"

"मग सहावी मागू," गुरुजी म्हणाले. "वर्ग सुरू झाला की पुढचा मागता येतो."

दुसरीतून थेट चौथीत उडी मारली असती, तर त्या संध्याकाळी मीही शांतासारखी वर्षभर चुलीपुढं बसलेली असते, आणि मला पाचवीसाठी मागायला कुणी आलं असतं तरी आप्पांनी दार लावून घेतलं असतं. जूनमध्ये आप्पा पुन्हा नारळ घेऊन शाळेत आले. या वेळी गुरुजींनी तो घेतला, दाराच्या दगडावर स्वतःच्या हातानं फोडला आणि पहिला तुकडा आप्पांना दिला. वरवंडच्या आत्यानं दोन वर्षं वाट पाहिली आणि मग दत्तूला दुसरी मुलगी केली. त्या दोघांचा संसार चांगला झाला; मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

मी पाचवीत असतानाच गुरुजींची बदली झाली, पुन्हा दौंडकडं. सहावी मागायचं काम त्यांनी पाटलांवर सोपवलं होतं आणि ती मिळाली, मागोमाग सातवीही. सातवी पास झाल्यावर शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी दाखला आणायला मी गावच्या शाळेत गेले, तेव्हा नव्या गुरुजींनी जुनं रजिस्टर माझ्यापुढं उघडलं. माझ्या नावासमोर आतार गुरुजींच्या सुबक अक्षरात शेरा होता. 'चौथीत बसवली नाही. कारण, पुढे पाचवी नाही.' त्याखाली लाल शाईत साहेबांचं, 'खुलासा मान्य नाही.' मी त्या दोन ओळी कितीतरी वेळ बघत राहिले. ज्या माणसाला मी तीन दिवस पोट धरून शिव्या घातल्या, त्यानं माझ्यासाठी लाल शाई अंगावर घेतली होती आणि कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. तिथंच, त्या परक्या गुरुजींसमोर, मला रडू आलं.

ट्रेनिंग झालं, नेमणुकीचा हुकूम हातात पडला, तेव्हा पेढे घेऊन मी एसटीनं दौंडला गेले. गुरुजी निवृत्त झाले होते. मुलगा रेल्वेत फायरमन, रुळांच्या कडेला चाळीत घर. गाडी आली की भांडी वाजायची आणि बोलणं थांबवावं लागायचं. गुरुजी अर्ध्या वाक्यात थांबायचे, गाडी जाऊ द्यायचे आणि पुढच्या अर्ध्यापासून सुरू करायचे.

जैनब आलेली होती. तिची मुलगी शमीम, त्या पावसाळ्यात जन्मलेली, आजोबांकडं राहून शिकत होती.

"बघ की इंदू," जैनब म्हणाली, "हिच्या बाई म्हणतात, हिला तिसरीतून थेट पाचवीत बसवा. पंधरा दिवस झाले, आब्बा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. नुसता चष्मा पुसतात."

गुरुजींनी खरोखरच चष्मा पुसायला काढला होता. "एकदा इकडून चुकलो," ते म्हणाले. "एकदा तिकडून अडवलं. माझं मन आता कशालाच धजत नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही सांगा, बाई."

त्यांनी मला तुम्ही म्हटलं, ते पहिल्यांदा. मी शमीमला जवळ बोलावलं. "तुला पाचवीत बसवली. बरं. मग?"

तिनं पापणी हलवली नाही. "मग सहावी."

"बरं. मग?"

"मग सातवी. मग हायस्कूल. ते फाटकाच्या पलीकडं हाय, मी बघून आले. मग मॅट्रिक."

"मग?"

तिनं आजोबांकडं पाहिलं. "मग ते तवा बघू की."

जैनबनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. तेवढ्यात गाडी आली. भांडी वाजत राहिली, आणि गुरुजी शमीमकडं बघत बसले. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाले, "बसू दे."

मला पोचवायला ते एसटी स्टँडपर्यंत चालत आले. बस सुटायच्या आधी त्यांनी कोटाच्या डाव्या खिशात हात घातला आणि खिडकीतून माझ्या मुठीत एक खारीक दिली. "सकाळी निघालीस. काही खाल्लं नसशील."

"गुरुजी, उद्या मी शाळेवर हजर होणार," मी म्हटलं. "पहिलीचा वर्ग दिलाय."

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली, इंजिनाच्या घरघरीत पुढचं बुडालं. मी खिडकीतून मागं पाहिलं. गुरुजी टोपी सावरत उभे होते आणि त्यांचे ओठ हलताना दिसले. आवाज माझ्यापर्यंत आला नाही. काय म्हणाले ते मला ठाऊक होतं, आणि उत्तर शोधत मी शिरूरपर्यंत ती खारीक मुठीत धरून बसले.